शंका वाचकांच्या: युद्ध तिकडे, हप्ता इकडे

प्रश्न: 2021 मध्ये 30 लाखांचे गृहकर्ज 20 वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी घेतले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि वर्षभरात माझा व्याजदर सव्वानऊवर गेला. त्या युद्धाशी माझा काय संबंध? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: संबंध तेलातून येतो. आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झाले आणि मार्चच्या सुरुवातीला ब्रेंट (जगभर भाव ठरवताना वापरला जाणारा कच्च्या तेलाचा प्रकार) काही काळ पिंपाला 139 डॉलरला भिडले. पिंपात 159 लिटर मावतात. म्हणजे पिंपामागे 10 डॉलर वाढले की, 80 रुपयांच्या डॉलरने लिटरमागे पाच रुपये वाढतात, तेही कर धरण्याआधी. सूर्यफुलाचे तेल तर मुख्यत्वे युक्रेनहूनच यायचे. एप्रिलमध्ये महागाई 7.79 टक्क्यांवर पोहोचली आणि ती रोखण्यासाठी 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर (बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने कर्ज मिळते तो) 4 वरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहावर गेला. बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर 2019 पासून अशा बाह्य, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या, दराशीच जोडलेली असल्याने तुमचे अडीच टक्के तिथूनच आले.

खरी गोम पुढे आहे. तुमचा हप्ता 22,811 रुपये. शिल्लक साडेएकोणतीस लाख धरली, तर सव्वानऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच 22,740 होते. मुदलात जातात 71 रुपये! हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर कर्ज फिटणार कधी? उरलेल्या 19 वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 27,500 लागतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडे थोडे दोन्ही, हा पर्याय बँकेने विचारायलाच हवा. आधी खात्याचा उतारा काढून मुद्दलाचा रकाना बघा आणि मग पर्याय लेखी द्या.

प्रश्न: रिझर्व्ह बँकेकडे एवढे डॉलर असताना 2022 मध्ये रुपया 75 वरून 83 पर्यंत घसरू का दिला? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: डॉलर विकणे फुकट पडत नाही. 80 च्या भावाने 1 अब्ज डॉलर विकले की बँकांकडचे 8,000 कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत जमा होतात, बाजारात पैसा आटतो आणि अल्पमुदतीचे व्याज चढते. शिवाय त्या वर्षी अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह शून्याजवळचा दर सव्वाचार ते साडेचारवर नेत होती, त्यामुळे डॉलर जगभर वधारत होता. अशा वेळी एकच भाव धरून बसले की सटोडियांना नेम धरायला आयते लक्ष्य मिळते. म्हणून घसरण थोपवायची नाही, तिचा वेग कमी करायचा, हे धोरण. आमच्या मते ते बरोबर होते. परकीय चलनाची गंगाजळी सुमारे 630 अब्ज डॉलरवरून 525 पर्यंत आली, पण ते सगळे डॉलर विकले गेले नव्हते. साठ्यातले युरो, पौंड आणि परदेशी रोखे यांचे डॉलरमधले मोल उतरल्यानेही आकडा खाली आला.

प्रश्न: द्राक्षे रॉटरडॅमला जातात, पैसे युरोत येतात. फॉरवर्ड घ्यावे का? — एक निर्यातदार, नाशिक

उत्तर: फॉरवर्ड म्हणजे पुढे द्यायच्या युरोचा भाव बँकेशी आजच ठरवणारा करार. घ्या, पण पूर्ण रकमेचे नको. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजे तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. माल उशिरा पोहोचला, तिकडच्या तपासणीत मणी गळलेले निघाले की भाव कापला जातो. मग बँकेला जेवढे युरो द्यायचे ठरले तेवढे हातात येत नाहीत. करार रद्द करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, आणि बाजार उलटा गेला असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो. तिकडच्या खरेदीदाराने कबूल केलेल्या किमान हमी भावाइतक्याच रकमेचे फॉरवर्ड करा. एका ठराविक तारखेऐवजी महिनाभरात केव्हाही युरो देता येतील अशी मुदत मागा. दर थोडा कमी मिळेल, तो सोसा.