लिलावातील मिळकत आणि ताब्याचा प्रश्न

जुन्या थकीत कर्जांपोटी बँका आणि पतसंस्था ज्या मिळकती विक्रीस काढतात, त्यांच्या जाहिराती सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वृत्तपत्रांत नेहमीच दिसतात. त्यासंबंधी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. विश्रामबागेतील एका सदनिकेच्या लिलावाची जाहिरात वाचली. राखीव किंमत ३६ लाख रुपये आहे, तर त्याच इमारतीतील तशीच सदनिका ४४ लाखांना विकली गेल्याचे कळते. जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ असे लिहिले आहे आणि कर्जदाराचे कुटुंब अजून तेथेच राहते. बोली लावावी का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपण राखीव किमतीकडे, म्हणजे ज्याखाली मिळकत विकली जात नाही त्या किमतीकडे, पाहून विचार सुरू केला आहे. मी आपल्या जागी असतो तर ‘प्रतीकात्मक ताबा’ या दोन शब्दांपासून सुरुवात केली असती, कारण आठ लाखांचा जो फरक आपल्याला दिसतो, त्यातील मोठा भाग त्या दोन शब्दांमुळेच पडलेला असण्याची शक्यता आहे.

न्यायालयात दावा न लावता तारण मिळकत विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक प्रथम कलम १३(२) खाली कर्जदाराला मागणी नोटीस देते आणि ६० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात रक्कम न आल्यास कलम १३(४) खाली बँक ताबा घेते. घरात माणसे राहत असतील तर हा ताबा बहुधा दारावर नोटीस चिकटवून आणि वृत्तपत्रांत ती प्रसिद्ध करून घेतलेला असतो. कागदावर ताबा बँकेचा आणि चावी कर्जदाराकडे, अशी ही अवस्था आहे. प्रत्यक्ष ताबा घ्यायचा तर बँकेने कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करून आदेश मिळवावा लागतो आणि त्याची अंमलबजावणी पोलीस बंदोबस्तात करून घ्यावी लागते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी असा आदेश ३० दिवसांत आणि सकारण विलंब झाल्यास फार तर ६० दिवसांत द्यावा, असे कायदा सांगतो. तथापि आदेश होणे आणि दार उघडणे यांमध्ये पोलीस बंदोबस्ताची तारीख, सणवार, परीक्षा, पावसाळा आणि कधी कधी निव्वळ दिरंगाई असते.

विक्री झाल्यानंतरही बँकेला कलम १४ खाली अर्ज करता येतो, त्यामुळे प्रतीकात्मक ताब्यातील मिळकत घेतली म्हणजे पैसे बुडाले असे मुळीच नाही. मात्र त्या काळात आपले पूर्ण पैसे गुंतलेले राहतात, भाडे मिळत नाही आणि आपण कर्ज काढले असेल तर हप्ते सुरू होतात. म्हणून बोलीपूर्वी बँकेच्या वतीने लिलाव हाताळणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारावे, की कलम १४ चा अर्ज केला आहे का, आदेश झाला आहे का, त्याची तारीख कोणती, आणि घरात राहणारे लोक कर्जदार आहेत की भाडेकरू. भाडेकरू असेल आणि त्याचा करार तारण होण्यापूर्वीचा व नोंदणीकृत असेल, तर प्रश्न वेगळ्याच दिशेला जातो. मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला मिळकत भाड्याने देता येत नाही, हे खरे असले तरी तसा करार पुढे आला तर कर्जवसुली न्यायाधिकरणात तो तपासला जाईपर्यंत वेळ जातोच.

दुसरी चौकशी दाव्याची करावी. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत पुण्याला, कलम १७ खाली अर्ज करू शकतो. असा अर्ज प्रलंबित आहे का आणि त्यात स्थगिती आहे का, हे वकिलामार्फत पाहावे. ‘कर्जदाराने लिलावानंतर पैसे भरले तर घर हातचे जाईल का’ ही भीती अनेकांनी पत्रांतून व्यक्त केली आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून मिळकत सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. बफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आणि लिलावात पूर्ण रक्कम भरलेल्या खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. मात्र नोटिशीत किंवा तिच्या मुदतीत दोष असल्याचे सांगून कर्जदार विक्रीला आव्हान देऊ शकतो. पहिल्या लिलावासाठी ३० दिवसांची नोटीस लागते, तो फसून पुन्हा लिलाव करायचा असेल तर १५ दिवसांची पुरते. या तारखा आपण स्वतः मोजून पाहाव्यात. बँकेचा हलगर्जीपणा पुढे आपल्याला भोगावा लागतो.

एवढे करून ताब्याचा आदेश हाती असल्याचे दिसले, तर ३८-३९ लाखांपर्यंत जाण्यास मी हरकत घेणार नाही. आदेश नसेल आणि निवृत्तीची शिल्लक एवढीच असेल, तर या लिलावापासून दूर राहावे असे माझे मत आहे.

प्रश्न : कराड येथील व्यापारी संकुलातील एक गाळा लिलावात घेण्याचा विचार आहे. किंमत ६० लाखांच्या घरात जाईल. निम्मी रक्कम माझ्याकडे आहे, उरलेली कर्ज काढून भरता येईल का? (एक व्यापारी, कराड)

उत्तर : येईल, पण कर्ज मंजूर होण्याची वाट पाहत बोली लावू नये. या व्यवहारात मुदतीची शिस्त कडक असते. बोलीपूर्वी साधारणतः राखीव किमतीच्या १० टक्के अनामत भरावी लागते. बोली आपल्या नावे पडली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के पूर्ण करावे लागतात, म्हणजे ६० लाखांवर १५ लाख. उरलेले ४५ लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायचे. बँकेने लेखी मान्य केले तर ही मुदत वाढते, मात्र एकूण तीन महिन्यांच्या पलीकडे जात नाही.

मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. ‘बँकेचे खरे नुकसान झाले तेवढेच कापावे’ हा युक्तिवाद चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण २५ टक्के रकमेची जप्ती वैध ठरवली. खासगी व्यवहारात इसार बुडतो तेव्हा चार माणसे मध्ये घालून काही परत मिळवता येते. येथे मध्ये घालायला माणूसच नसतो.

कर्ज देणारी बँक आपली कागदपत्रे तर तपासतेच, शिवाय मिळकतीचा ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक हेही विचारते, आणि प्रतीकात्मक असेल तर अनेकदा हात आखडता घेते. म्हणून जाहिरात येताच कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्यावी. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास १ टक्का आयकर आपणच किमतीतून कापून भरायचा असतो. तो कोणाच्या पॅन क्रमांकावर भरायचा आणि बँकेच्या रकमेतून तो वजा धरला जाईल ना, हे प्राधिकृत अधिकाऱ्याकडून आधीच लेखी घ्यावे. १ टक्का कमी आला म्हणून पैसे अपुरे ठरवल्याचे वाद होतात.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतील बंद पडलेला कारखाना, शेडसह, बँकेने विक्रीस काढला आहे. ‘जसे आहे जेथे आहे’ असे लिहिले आहे. वीजबिल, कर वगैरे थकबाकी कोणी भरायची? (एक लघुउद्योजक, मिरज)

उत्तर : जाहिरातीतील त्या वाक्याचा सोपा अर्थ असा, की थकबाकीची चौकशी करण्याची जबाबदारी बँकेने आपल्यावर टाकली आहे. बँकेला माहीत असलेले बोजे तिने नोटिशीत सांगितलेच पाहिजेत, पण तिला माहीत नसलेल्या बोजांची हमी ती देत नाही. जाहिरातीचा हा भाग नेमका सर्वांत बारीक टाइपात छापण्याची प्रथा कोणी पाडली, याचे कौतुक वाटते.

विजेचे आधी पाहू. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात असे ठरवले, की जुन्या ग्राहकाची थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी न देण्याची अट नियमांत असेल तर ती वैध आहे. आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत, जुन्या ग्राहकाचा वारस नसलेल्या नव्या मालकावर येणारी थकबाकी कमाल सहा महिन्यांच्या देयकांपुरती मर्यादित ठेवण्याची तरतूद आहे. कारखान्याच्या बाबतीत सहा महिन्यांचे देयकही लहान नसते, म्हणून महावितरणकडून ग्राहक क्रमांकाचा उतारा आधी घ्यावा. महापालिका हद्दीतील मिळकतीवर घरपट्टीचा बोजा मिळकतीसोबतच येतो, तेव्हा त्याचाही दाखला घ्यावा.

विक्रीकर किंवा वस्तू व सेवा कराची थकबाकी असेल तर प्रथम हक्क कोणाचा, यावर पूर्वी बरेच वाद झाले. बँकेने आपले तारण ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत नोंदवले असेल तर सरकारी करांच्याही आधी तिचा हक्क येतो, असे कलम २६-ई सांगते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात त्याला दुजोरा दिला. म्हणून ‘सरसाई’तील नोंदीची प्रत मागावी आणि कर विभागाची जप्ती त्या नोंदीपूर्वीची नाही ना, हे पाहावे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीला मात्र कायद्याने स्वतंत्र अग्रक्रम दिलेला आहे, तेव्हा त्या कार्यालयात जाऊन चौकशी केल्याशिवाय कारखान्याच्या बोलीला हात घालू नये.

राहिली जमीन. एमआयडीसीचे भूखंड साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. आपण लिलावात विकत घेता ते भाडेपट्ट्याचे उरलेले हक्क. महामंडळाची हस्तांतरण परवानगी आणि त्याचे शुल्क हे आपल्या किमतीच्या वर येते. ते शुल्क किती होईल, हे महामंडळाच्या कार्यालयातून बोलीपूर्वी काढून घ्यावे आणि मगच आपली कमाल बोली ठरवावी.

प्रश्न : तासगाव तालुक्यात एका पतसंस्थेने कर्जदाराची शेतजमीन लिलावास काढली आहे. बँकेच्या लिलावाचेच नियम याला लागू होतात का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : नाही. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि पतसंस्थेला तो कायदा वापरताही येत नाही. सहकारी बँकांना तो वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये आपल्या शेजारच्याच मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि विशेष वसुली व विक्री अधिकारी १९६१ च्या सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ प्रमाणे लिलाव करतो.

येथे बोली पडताच १५ टक्के आणि उरलेली रक्कम, मुद्रांकाच्या खर्चासह, १५ दिवसांत भरावी लागते. परंतु विक्री लगेच पक्की होत नाही. कर्जदार किंवा मिळकतीत हितसंबंध असलेली व्यक्ती ३० दिवसांत संपूर्ण थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकते. लिलावात गंभीर अनियमितता किंवा फसवणूक झाल्याचा अर्जही त्याच मुदतीत करता येतो. हा काळ निघून गेल्यावर आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडून विक्री कायम झाल्यावरच जमीन आपली समजावी. त्यापूर्वी बांध घालू नये, विहिरीवर मोटर बसवू नये.

आपण स्वतः शेतकरी आहात का, हेही पाहावे, कारण कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन, असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. इतर हक्कांतील नोंदी आणि जुने फेरफार तलाठ्याकडे बसून वाचावेत. बहिणींच्या हिस्स्याचे दावे तेथेच दडलेले असतात.

प्रश्न : सांगलीत नदीच्या बाजूला असलेला, गुंठेवारीतील एक बंगला लिलावात स्वस्त मिळतो आहे. काय पाहावे? (सांगलीवाडी)

उत्तर : दोन कागद. पहिला, परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींसाठीच्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरणाचे प्रमाणपत्र. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ही सवलत खुली केली आहे, पण अर्ज केला म्हणजे नियमितीकरण झाले, असे नव्हे. प्रमाणपत्र नसेल तर त्याचा खर्च आणि पुढे कर्ज किंवा बांधकाम परवाना मिळण्यातील अडचण किमतीतून वजा करावी. बँकेने त्या मिळकतीवर एकदा कर्ज दिले होते, यावरून ती निर्दोष आहे असा निष्कर्ष काढू नये. ती लिलावात का आली, हे आपण पाहतच आहात.

दुसरा, पूररेषेचा नकाशा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या, आत असेल तर पुढे वाढीव बांधकामाची आशा धरू नये. पाहणीच्या दिवशी भिंतींवरचा नवा रंग पाहून समाधान मानण्यापेक्षा २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे.

प्रश्न : लिलावातील सदनिका पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते का? (सातारा)

उत्तर : निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. मात्र बोलीचा अर्ज, अनामत आणि ओळखपत्रे सुरुवातीपासूनच पत्नीच्या नावे असावीत, कारण विक्री प्रमाणपत्र बोली लावणाऱ्याच्याच नावे निघते आणि नंतर नाव बदलून देण्यास बँक सहसा तयार होत नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये, हे वेगळे भरावे लागेल. गृहनिर्माण संस्थेची थकबाकी असल्यास सदस्यत्वाचा अर्ज करण्यापूर्वी सचिवांकडून तिचा लेखी हिशेब घ्यावा.