वाचक विचारतात : जुनी बीएसए घेताना आधी आकडे, मग इंजिन

प्रश्न : गावातल्या एका कोठ्यात बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल उभी आहे. पुढे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) आहे. घरचे म्हणतात, गाडी लष्कराची, १९४२ ची. आरसी बुक आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. नातू विकायला तयार आहे. घ्यावी का? तिचा इतिहास कसा काढावा? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तो फोर्क १९४२ चा नाही. युद्धकाळातल्या एम-२० ला गर्डर फोर्क (चौकटीचा, बाहेर स्प्रिंग दिसणारा) असे. टेलिस्कोपिक १९४८ पासून मिळू लागला. पण फोर्क बदललेला असू शकतो, म्हणून वय फ्रेमच्या नंबरवरून ठरवा. आकड्याआधी डब्ल्यूएम-२० असेल तर गाडी युद्धातली. एचएम, जेएम, केएम म्हणजे १९३७ ते १९३९. एक्स, वाय, झेड ही अक्षरं युद्धानंतरची. इंजिनचा नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या खाली मिळेल. रंग थिनरच्या फडक्याने काढा. वायर ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका; घासलेली जागा दिसली की आरटीओत खऱ्या नंबरवरही संशय येतो. मग दोन्ही नंबरांचे पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिल घासून उतरवलेले ठसे, घ्या.

फ्रेम आणि इंजिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. बीएसएत ते वेगळे असत, शिवाय लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं बदलली जात. दोन्ही आकडे आरसी बुकाशी जुळायला मात्र हवेतच. दोहोंपैकी एक जरी जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.

आरसी बुकाचं प्रत्येक पान वाचा. यवतमाळ जिल्हा १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात आणि १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होता. शिक्के याच क्रमाने हवेत. १९५४ च्या नोंदीवर महाराष्ट्राचा शिक्का असेल तर बुक खोटं. लष्कराने विकलेल्या गाडीची पहिली नोंद बनावटीच्या वर्षानंतर काही वर्षांनी दिसते, त्यात वावगं नाही. टाकीवरचा रंग १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून थर-थर उतरवला, तर कधी खाली ‘सी’ अक्षराने सुरू होणारा लष्करी नंबर सापडतो. तो सापडला तर तिथेच थांबा आणि फोटो घ्या.

ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात बीएसएच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. नंबरांचे फोटो पाठवून, फी भरून तारखेचा दाखला मागता येतो. पण भारतात गाडी कोणाकोणाच्या हातून गेली, ते फक्त आरसी बुकच सांगेल.

आता कागद. नातवाकडून थेट विकत घेऊ नका. आधी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लावून फॉर्म ३१ ने गाडी त्याच्या नावावर होऊ द्या, मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते. पूर्ण रक्कम त्यानंतरच द्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि जुना नंबरही राहतो. पण मग ती रोज शेतावर नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

प्रश्न : माझी एम-२० थंड असताना लगेच चालू होते. तापून बंद पडली की तासभर चालू होत नाही. मिस्त्री इंजिन बांधा म्हणतो. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : इंजिन उघडू नका, आधी मॅग्नेटो (प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) बघा. गाडी तापून बंद पडली की लगेच प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी फिकी किंवा गायब असेल आणि थंड झाल्यावर परतत असेल, तर आर्मेचरची (मॅग्नेटोतल्या फिरत्या भागाची) वायंडिंग किंवा कंडेन्सर गेलं आहे. ल्युकासच्या मॅग्नेटोत कंडेन्सर आर्मेचरच्या आतच असतं, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच करून घ्या. त्याआधी मॅग्नेटोतल्या पॉइंटचा गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिलिमीटर करा आणि स्लिप रिंग पेट्रोलच्या फडक्याने पुसून बघा. कधी एवढ्यानेच भागतं. ठिणगी जोरदार असूनही गाडी चालू होत नसेल तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र तपासा. तेही मोकळं असेल तरच हेड उतरवा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे तडा गेला आहे का ते पाहा. साइड व्हॉल्व्ह इंजिनची ती नेहमीची जागा.