पांढऱ्या बॉलकडे बघा: मॉस्कोनी कपविषयी वाचकांचे प्रश्न

पूल, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) बॉल पॉकेटमध्ये पाडण्याचा खेळ, टीव्हीवर बघणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. बरेचसे मॉस्कोनी कपबद्दलचे निघाले, म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. ज्यांनी हा कप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: युरोप विरुद्ध अमेरिका अशी नाइन बॉलची ही सांघिक लढत 1994 पासून दरवर्षी होते आणि एका संघात पाच खेळाडू असतात.

प्रश्न: स्कोअरबोर्डवर एकाच वेळी दोन आकडे दिसतात, 6–4 आणि 3–2 असे. कुठला कशाचा? आणि कमी दर्जाचा खेळाडू मोठ्या खेळाडूला इतक्या वेळा कसा हरवतो?

उत्तर: 6–4 हा कपाचा आकडा, 3–2 हा चालू सामन्याचा. बॉल मांडण्यापासून 9 नंबरचा बॉल पॉकेट होईपर्यंतचा डाव म्हणजे एक रॅक. पाच रॅक जो आधी जिंकतो त्याचा सामना, आणि एका सामन्याला एक गुण. आधी 11 गुण करणारा संघ कप नेतो, म्हणजे जास्तीत जास्त 21 सामने होतात. सुरुवातीच्या काळात हे आकडे वेगळे होते. 2006 साली रॉटरडॅमला तर लढत 12–12 अशी बरोबरीत सुटली होती आणि आधीचे विजेते म्हणून कप अमेरिकेकडेच राहिला.

आता दुसरा भाग. समजा एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे आणि 100 पैकी 55 रॅक जिंकतो. गणित केलं तर पाच रॅकच्या सामन्यात तो 100 पैकी साधारण 62 वेळाच जिंकेल. म्हणजे 38 वेळा ‘धक्कादायक निकाल’ लागणार आणि त्यात धक्का बसण्यासारखं काही नसणार. पण हीच 62 ची आघाडी प्रत्येक सामन्यात धरली, तर 11 गुणांच्या शर्यतीत ती 87 च्या आसपास जाते. म्हणून एकेका सामन्यावरून कोण फॉर्मात आहे हे ठरवू नका. आठ-दहा सामने झाल्यावर चित्र दिसायला लागतं.

प्रश्न: मी बॉल पॉकेटमध्ये गेला की टाळ्या वाजवतो. माझा मित्र म्हणतो, तू चुकीच्या ठिकाणी बघतोस. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर: अगदी बरोबर. या दर्जाचे खेळाडू समोरचा बॉल पॉकेट करणारच. डाव ठरतो तो पांढरा बॉल कुठे जाऊन थांबतो यावर.

नाइन बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरच्या बॉललाच आधी लागावं लागतं, त्यामुळे पुढचा बॉल कोणता हे प्रेक्षकालाही माहीत असतं. याचा फायदा घ्या. खेळाडू 6 नंबरवर वाकलेला असताना 7 कुठे आणि 8 कुठे हे बघून ठेवा. समजा 7 एका कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ आहे आणि 8 टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पांढरा बॉल 7 आणि पॉकेटच्या अगदी सरळ रेषेत थांबला तर पॉट (बॉल पॉकेट करणं) सोपा, पण तिथून लांबच्या 8 वर जाणं कठीण. सरळ फटक्यात पांढरा थांबवता येतो, थोडा मागे-पुढे नेता येतो, वळवता मात्र येत नाही. रेषेच्या योग्य बाजूला थोडा कोन ठेवून थांबला तर एका कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून तो आपोआप 8 कडे सरकतो. चुकीच्या बाजूला गेला तर त्याला तीन कुशन फिरवून आणावं लागतं आणि तिथे वेगाचा अंदाज थोडा जरी चुकला तरी रॅक हातातून जातो. प्रेक्षकांना 8 नंबर हुकलेला दिसतो, पण चूक दोन फटके आधी, 6 नंबरवर झालेली असते.

टीव्हीवरच्या सामन्यांत पांढऱ्या बॉलवर बऱ्याचदा लाल ठिपके असतात. ते बॉलचं फिरणं दिसावं म्हणूनच. फटक्यानंतर ठिपके न फिरता बॉल नुसता घसरत गेला, तर सरळ धडकेत तो जागीच थांबणार. ठिपके उलटे फिरत असतील तर मागे येणार. रीप्लेमध्ये हे दोन-चार वेळा बघितलंत की पुढे धडक होण्याआधीच पांढरा कुठे जाईल याचा अंदाज यायला लागेल. रंगांचंही सांगून ठेवतो: टीव्हीसाठीच्या संचात 4 नंबर जांभळ्याऐवजी गुलाबी आणि 7 नंबर गडद तांबड्याऐवजी फिकट तपकिरी असू शकतो, कारण मूळ रंग कॅमेऱ्यात दुसऱ्या नंबरांसारखे दिसतात.

प्रश्न: ब्रेकनंतर (मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर) एका खेळाडूने पांढरा बॉल हळूच ढकलला, तो कशालाच लागला नाही, तरी फाउल दिला नाही. उलट प्रतिस्पर्ध्याने त्यालाच परत खेळायला लावलं. हे काय?

उत्तर: याला पुश आउट म्हणतात. ब्रेकनंतरच्या लगेचच्या फटक्यालाच तो घेता येतो आणि रेफरीला आधी सांगावा लागतो. त्या फटक्यात कुठल्याही बॉलला किंवा कुशनला लागायची सक्ती नसते. नंतर निवड प्रतिस्पर्ध्याची: स्वतः खेळायचं की पहिल्यालाच खेळायला लावायचं. म्हणून शहाणा खेळाडू पांढरा अशा जागी ठेवतो, की तिथला फटका आपल्याला जमेल पण समोरच्याला घ्यावासा वाटणार नाही. जम्प शॉटमध्ये (पांढरा उडवून आडव्या बॉलवरून नेण्यात) तरबेज असलेला खेळाडू मुद्दाम जम्पची जागा देतो. दोघांनाही एकमेकांचे कच्चे दुवे माहीत असतात आणि ते या एका फटक्यात उघड होतात.

प्रश्न: ब्रेकवर इतका वाद का? जोरात मारायचं आणि बॉल पडला तर पडला, एवढंच ना?

उत्तर: तेवढंच असतं तर नियम इतक्या वेळा बदलले नसते.

नऊ बॉल पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात लावतात: टोकाला 1, मधोमध 9. मधल्या तीन बॉलच्या ओळीत 9 च्या दोन्ही बाजूंना जे बॉल असतात त्यांना विंग बॉल म्हणतात. आता टेबलावर रॅक मांडताना पातळ प्लॅस्टिकची छिद्रं असलेली चकती वापरतात. तिच्यामुळे बॉल एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. रेफरी ब्रेकनंतर ती उचलून घेतो, नीट बघितलंत तर दिसेल. रॅक असा घट्ट असला आणि 1 नंबर ठरलेल्या ठिपक्यावर असला, की विंग बॉल जवळजवळ दर वेळी कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जातो. मग ब्रेक करणारा बॉल पाडतो, रॅक साफ करतो आणि समोरचा खुर्चीतच बसून राहतो.

यावर पहिला उपाय म्हणजे ठिपक्यावर 1 ऐवजी 9 ठेवणं. बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर, त्यामुळे सगळा रॅक ब्रेक करणाऱ्याकडे सुमारे 10 सेंटिमीटर सरकतो. विंग बॉलची वाट तेवढीच सरकते आणि तो पॉकेटच्या अलीकडे कुशनवर आदळतो. खेळाडूंनी यावरही वाट काढली: बाजूने ब्रेक मारायचा आणि 1 नंबर मधल्या पॉकेटमध्ये पाडायचा. मग दुसरा उपाय आला, ब्रेक बॉक्स. पांढरा बॉल मधल्या ठरावीक पट्ट्यातूनच मारायचा, कडेच्या कुशनजवळून नाही. तिसरा उपाय हळू ब्रेकवर. ब्रेकमध्ये पॉकेट झालेले आणि हेड स्ट्रिंग ओलांडून इकडे आलेले बॉल मिळून किमान तीन व्हायला हवेत. हेड स्ट्रिंग म्हणजे ब्रेक मारतात त्या टोकापासून पाव टेबलावरची रेषा.

यातले कुठले नियम लागू आहेत आणि ब्रेक आलटून-पालटून आहे की जिंकणाऱ्याचा, हे प्रत्येक स्पर्धेच्या सुरुवातीला ऐकून घ्या. ब्रेक जिंकणाऱ्याचा असेल तर 1–4 वरून 5–4 होणं वेगाने घडू शकतं. आलटून-पालटून असेल तर मागे पडलेल्याला समोरच्याच्या ब्रेकवरही रॅक काढावे लागतात.

ब्रेक बघताना जोर बघू नका. पांढरा टेबलाच्या मध्याजवळ थांबला का आणि 1 नंबर दिसतो का, या दोन गोष्टी बघा. बॉल पडला पण 1 झाकला गेला, तर त्या ब्रेकचा फायदा अर्धाच.

प्रश्न: सरळ पॉट दिसत असताना खेळाडू पांढरा बॉल लपवत बसतात. हा भित्रेपणा वाटतो.

उत्तर: आम्हाला तो या खेळाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. पॉट बसला तरी पुढच्या बॉलवर जाता येणार नाही, हे खेळाडूला दिसत असतं. अशा वेळी सेफ्टी खेळली, म्हणजे पांढरा लपवला, तर समोरचा अडचणीत येतो. त्याला सर्वांत लहान नंबरचा बॉल लागला नाही, किंवा लागल्यावर काही पॉकेट झालं नाही आणि एकही बॉल कुशनला गेला नाही, तर फाउल. मग पांढरा हातात मिळतो, टेबलावर हवा तिथे ठेवता येतो, आणि या दर्जावर बहुतेक वेळा तो रॅक तिथेच संपतो. एकाच रॅकमध्ये लागोपाठ तीन फाउल केले तर रॅक थेट जातो. दोन झाले की रेफरी खेळाडूला तशी सूचना देतो.

सेफ्टी चांगली की साधारण हे ओळखायला एक खूण आहे. पांढरा बॉल आडव्या आलेल्या बॉलच्या किती जवळ थांबला? जितका जवळ, तितका मोठा भाग झाकला जातो, आणि अगदी चिकटून असला तर जम्पही मारता येत नाही, कारण उडी घ्यायला जागाच नसते. हातभर अंतर राहिलं तर जम्प क्यू बाहेर निघालाच म्हणून समजा.

प्रश्न: दुहेरीत जगज्जेते खेळाडूसुद्धा सोप्या चुका का करतात?

उत्तर: दोघं आलटून-पालटून एकेक फटका खेळतात म्हणून. एरवी खेळाडू स्वतःच्या पुढच्या फटक्यासाठी पांढरा ठेवतो. इथे जोडीदारासाठी ठेवायचा असतो. त्याची उंची वेगळी, हात वेगळा, कदाचित तो डावखुरा. एकाला पांढरा हळू सरकवत न्यायची सवय, दुसऱ्याला कुशनवर जोरात फिरवायची. लयही तुटते, कारण हातात क्यू येतो तेव्हा मधला एक फटका दुसऱ्याने मारलेला असतो. त्यात शॉट क्लॉक (एका फटक्याच्या वेळेचं घड्याळ), साधारण 30 सेकंदांचं, आणि रॅकमध्ये एकदाच मिळणारी वाढीव वेळ. दोघं बोलायला लागले की घड्याळाकडे बघा. आठ-दहा सेकंद उरले असताना बोलणं चालूच असेल तर पुढचा फटका बहुधा घाईचा असणार.

प्रश्न: प्रेक्षक इतका आरडाओरडा करतात, हे चालतं?

उत्तर: चालतं, आणि ती या कपाची ओळखच आहे. फटक्याच्या क्षणी मात्र बहुतेक वेळा आवाज थांबतो. काही खेळाडू या गोंगाटावर फुलतात, काही चिडतात. अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड युरोपातल्या प्रेक्षकांशी उडणाऱ्या खटक्यांसाठी ओळखला जायचा. 2002 मध्ये लंडनच्या यॉर्क हॉलमध्ये त्यालाच हरवून स्टीव्ह डेव्हिसने युरोपला कप मिळवून दिला. हा तोच डेव्हिस, स्नूकरचा सहा वेळा जगज्जेता.

प्रश्न: मॉस्कोनी कोण होते?

उत्तर: विली मॉस्कोनी, अमेरिकेचे. 1993 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने कप सुरू झाला. त्यांचा खरा खेळ नाइन बॉल नव्हता, स्ट्रेट पूल होता, ज्यात बॉल कुठल्याही क्रमाने पॉकेट करता येतात. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्यांनी लागोपाठ 526 बॉल पॉकेट केले होते.

प्रश्न: अमेरिका पूलचं माहेरघर, मग युरोप इतका पुढे कसा?

उत्तर: पहिली बरीच वर्षं अमेरिकेचीच होती. 2010 ते 2017 सलग आठ वेळा युरोप जिंकला, 2018 आणि 2019 ला अमेरिका, आणि 2020 पासून पुन्हा युरोप वरचढ झाला. आमच्या मते मुख्य फरक सेफ्टी आणि दुहेरीतला आहे. पॉट करण्यात अमेरिकेचे खेळाडू कुठेही कमी नाहीत. पुढचा कप बघताना वही घ्या आणि प्रत्येक रॅकला चार गोष्टी लिहा: ब्रेक कुणाचा, ब्रेकवर बॉल पडला का, पहिली सेफ्टी कुणी खेळली, रॅक कुणी जिंकला. रॅकला एक ओळ पुरते. दिवसाअखेर तिसरा रकाना चौथ्याशी ताडून बघा आणि आमचं मत पटतं का ते कळवा.

प्रश्न: आशियाचे इतके मोठे खेळाडू या कपात का नसतात?

उत्तर: कपाची रचनाच युरोप–अमेरिका अशी आहे. आशियासाठी 2024 पासून रेयेस कप सुरू झाला, आशिया विरुद्ध उरलेलं जग. पहिली लढत मनिलात झाली आणि नाव फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांचं. जोड्यांची लढत आवडत असेल तर वर्ल्ड कप ऑफ पूल बघा. तिथे देशादेशांच्या दोघादोघांच्या जोड्या उतरतात, आणि 2006 चा पहिला कप रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्तामांते यांनीच फिलिपिन्सला मिळवून दिला होता.