स्प्रेचा रंग पूर्वीसारखा बसत नाही

प्रश्न : मी प्लास्टिकची मॉडेल किट बनवतो. सध्या १:७२ मापाचं मिग-२१ हातात आहे. पूर्वी याच कंपनीच्या स्प्रेनं चंदेरी रंग एकसारखा बसायचा. यंदा जुलैत मारला तर पांढरट आणि खरखरीत झाला, मध्येच नोझल थुंकायला लागलं. दुसऱ्या एका किटला पिवळा मारला, तर हातावर हात दिले तरी खालचं प्लास्टिक दिसतंच. किंमत मात्र वाढत चाललीय. दुकानदार म्हणतो, तुमचाच हात बिघडलाय. माल उतरलाय की माझा हात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हात नाही, माल बदललाय. दुकानदाराला माझ्या नावानं सांगा. पण कंपनीला शिव्या घालण्याआधी महिना कुठला होता ते बघा. कोल्हापूरच्या जुलैत चंदेरी स्प्रे मारणं म्हणजे धाडसच.

माझी हयात उद्यमनगरात गाड्या रंगवण्यात गेली. भर पावसात लॅकर, म्हणजे थिनर उडून सुकणारा रंग, मारला की रंग पांढरा पडतो, हे तिथं शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते आणि ती ओल्या रंगात अडकते. थिनर जितका लवकर उडणारा, तितका हा त्रास जास्त. आणि इथंच माल बदललाय. पूर्वी स्प्रेत टोल्युइन, झायलीन भरपूर असायचं. टोल्युइन १११ अंशांना उकळतं, झायलीन १४० च्या आसपास, म्हणजे दोन्ही सावकाश उडणारी. हवा बिघडवणाऱ्या द्रावकांवर अमेरिका-युरोपात निर्बंध आले, तशी कंपन्यांनी मिश्रणं बदलली. अमेरिकेनं १९९५ मध्ये अ‍ॅसिटोनला त्या हिशेबातून वगळलं, मग अ‍ॅसिटोनचा वापर वाढला. ते ५६ अंशांनाच उकळतं. कोरड्या हवेत ठीक आहे, पण आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर पडलेली असताना काय होणार? तुमचा खरखरीतपणाही बऱ्याच अंशी याच घरचा. थेंब वाटेतच सुकतो आणि किटवर भुकटी बसते. पावसाळ्यात वीस सेंटीमीटरच्या पलीकडून मारूच नका.

पांढरट झालेलं मिग फेकू नका. कोरडी हवा पडली की त्यावर त्याच जातीच्या लॅकर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी लॅकरचा, अगदी हलका हात द्या. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि पांढरट झाक बहुतेक वेळा निघून जाते. आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर बघा, कारण अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातं. गाड्यांसाठीचा स्वस्त स्प्रे किटवर मारून पंखांवरच्या रेघा विरघळवून घेतलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

थुंकणं वेगळं. डब्यातला गॅस द्रवरूपात असतो. सलग मारत राहिलं की तो उडताना डबा गार पडतो, दाब उतरतो आणि थेंब मोठे होतात. म्हणून छोटे फटके मारा, मध्ये थांबा. आधी डबा हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. उकळत्या पाण्यात नाही आणि गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच नाही. पन्नास अंशांच्या वर नेऊ नका, असं डब्यावरच छापलेलं असतं. चंदेरीतली अ‍ॅल्युमिनियमची पूड तळाशी बसते. आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढं दोन मिनिटं हलवलं नाही, तर आधी नुसता पातळ रंग येतो आणि शेवटी चिखल. काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल साफ राहतं.

पिवळ्याची गोष्ट मला आवडते, कारण तिथं माल उतरला ते बरंच झालं. जुना झाकणारा पिवळा शिशाच्या क्रोमेटचा असायचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम आपल्याकडं २०१७ पासून लागू आहे. बिनशिशाचे बरेच पिवळे तितके झाकत नाहीत. खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी प्रायमर द्या, पिवळा दोन-तीन हातांत भरतो. घरात पोरं असताना जुन्या पिवळ्याची आठवण काढू नये.

आता तुमची खरी तक्रार, जिथं मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. डब्यावर छापलेल्या वजनात किंवा मापात रंग, थिनर आणि गॅस सगळंच धरलेलं असतं. त्यात सुकून उरणारा रंग किती, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. स्वतः तपासा : गुजरीत सोनार वापरतात तसला बारीक वजनकाटा मिळवा. डबा तोला, काचेची पट्टी तोला, पट्टीवर रंग मारा. डबा पुन्हा तोला, पट्टी दुसऱ्या दिवशी तोला. डब्यातून गेलं किती आणि पट्टीवर राहिलं किती, हे समोर येतं. थोडा रंग हवेत उडतोच, म्हणून तुलनेचे दोन्ही डबे एकाच अंतरावरून मारा. माझ्याकडं राहिलेल्या एका जुन्या डब्याशी त्याच नावाचा नवा ताडून बघितला, तर नव्यात रंग उघड उघड कमी निघाला. त्या दिवसापासून मी भरलेला डबा विकत घेणं बंद केलं.

बाटलीतला लॅकर आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी छोटी रंगाची गन, घ्या. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. सुरुवातीचा खर्च टोचेल. पण थिनर तुमच्या हातात राहतो आणि पावसाळ्यात त्यात थोडा रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश सुकवणारा द्रावक, घालता येतो. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींच्या एखाद्या ओळखीच्या कारखान्यात तासभर उभं राहा, गन किती अंतरावर आणि किती वेगानं फिरते ते डोळ्यांनी शिकता येतं. थिनरच्या वाफेसाठी कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला, मास्क लागतो, कापडी मास्कचा उपयोग नाही.

प्रश्न : हॉबीचा स्प्रे ऑनलाइन मागवला, तर आमच्या पत्त्यावर 'पाठवता येत नाही' असं येतं. रंगाच्या बाटल्या मात्र येतात. असं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पेट घेणाऱ्या वायूचा डबा, म्हणून. वाहतुकीच्या नियमांत तो धोकादायक मालात मोडतो आणि बरेच विक्रेते तो विमानानं पाठवायचं टाळतात. रस्त्यानं पाठवणारा विक्रेता शोधा. डबा आल्यावर तळाची तारीख बघा, कडेला गंज असेल तर परत करा.