नोकरीला अकरा महिने झाले, आणि सोडायची आहे

"मॅडम, मले हे नोकरी सोडाची हाय. पन घरी सांगू कसं?"

मी समुपदेशक. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला तेवीस वर्षांचा मुलगा समोरच्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कृषी पदविका झालेली. लहान कर्जं देणाऱ्या एका कंपनीत अकरा महिन्यांपासून वसुलीचं काम. सकाळी सातला महिला गटाची बैठक, मग दिवसभर हप्ता चुकलेल्यांची घरं. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. लागलेली नोकरी सोडणाऱ्याले पुन्हा कोन इचारते, हे बाबांचं पालुपद.

"सोडू का राहू" याचं उत्तर मी देत नाही. त्याला विचारलं, दिवसातल्या नेमक्या कोणत्या वेळी पोटात गोळा येतो? सांगता येईना. म्हणून तीन आठवडे रोज वहीत दोन ओळी लिहायला सांगितलं: आज काय जड गेलं, आणि कशात वेळ गेला ते कळलं नाही.

वही वाचताना मीच गलबलले. कापूस अजून वेचायचा होता, घरात पैसा नव्हता, अशा दारात उभं राहणं त्याला रोज जड जात होतं. एका पानावर होतं, "तिनं पानी देल्लं, मंग मी पैशे मांगतले." आणि वेळ कळला नाही तो कुठे? एका कर्जदाराच्या शेतात बोंडं फोडून गुलाबी अळी दाखवताना, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे कसे लावायचे ते सांगताना. २०१७ मध्ये या अळीनं कापूस खाल्ला तेव्हा तो शाळेत होता. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षामुळे आपण कृषीकडे वळलो, हे त्यानं तेव्हा सांगितलं.

मग त्याला कृषी केंद्र, म्हणजे खतं-कीटकनाशकांचं दुकान, सुचलं. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे आणि कृषी पदविका त्यात चालते, तेव्हा विचार चुकीचा नव्हता. मी म्हटलं, राजीनामा नंतर, आधी चार रविवार अशा एका दुकानात बसून बघ. दुसऱ्याच रविवारी फोन आला. "मॅडम, इथं बी उधारीच मांगा लागते." हंगामात उधार गेलेल्या मालाची वसुली दुकानदार त्याच्याकडेच देणार होता. सरळ राजीनामा देऊन गेला असता तर पुन्हा तेच दार आणि तेच पाणी. हे दोन रविवार मला फार मोलाचे वाटतात.

बाबांनाही बोलावलं. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "पोराची गाडी किस्तीवर हाय जी. नोकरी सोडली त किस्त मी कायातून भरू?" इतके दिवस घरात इज्जतीवरून भांडण चाललं होतं आणि खरी काळजी महिन्याच्या आकड्याची होती. तो आम्ही तिघांनी कागदावर मांडला. किस्ती सात महिने. तोवर नोकरी करायची, आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघायचं. नोटीस किती दिवसांची ते नेमणूक पत्रात वाचायचं, अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊनच निघायचं. पीएफ मोडायचा नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, तोच राहतो, नव्या ठिकाणी पीएफ असेल तर रक्कम तिकडे वळवता येते आणि आधीची सेवा पेन्शनच्या दहा वर्षांत धरली जाते. नोकरी सुटताच मुलं हा पैसा काढून मोबाइल घेतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सध्या तो शेतकरी उत्पादक कंपन्या आणि माती परीक्षण प्रयोगशाळांमध्ये चौकशी करतो आहे. एका ठिकाणी पगार आत्तापेक्षा कमी सांगितला. घ्यायचा की नाही, ते ठरलेलं नाही.

वही मात्र त्यानं सोडली नाही. परवाच्या पानावर होतं, "बाबाच्या तुरीत अळी. संध्याकाळ कवा झाली, समजलं नाई."