‘यू मे नॉट’ म्हटल्यावर पाहुणा का चिडला?

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. फोंड्याला २५ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना ही अडचण मी वर्गावर्गात पाहिली आहे. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रसंग आधी थोडक्यात सांगतो. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात तुम्ही रिसेप्शनवर नवीन लागला आहात. सकाळी लवकर आलेल्या पाहुण्याने विचारलं, ‘कॅन आय चेक इन अर्ली?’ खोलीची सफाई कधी उरकेल ते नक्की नव्हतं. ‘कदाचित नाही जमणार’ एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, ‘यू मे नॉट चेक इन अर्ली, सर,’ आणि तो भडकला. ‘मे’ म्हणजे कदाचित, शिवाय ‘मे’ सभ्य, असं शाळेत शिकवलं होतं. मग बिघडलं कुठे, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा, मॅनेजरने सांगितलेला तरणतलावावरचा फलक रंगवायचा कसा.

शाळेत शिकवलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एका वाक्यात एकत्र नांदत नाहीत. ‘मे’ कधी अंदाज सांगतो, कधी परवानगी. कोणतं काम चाललंय ते ऐकणारा कर्त्यावरून ठरवतो. ‘इट मे नॉट रेन टुडे’ म्हटलं तर पावसाला परवानगी कोण देणार? म्हणून तो अंदाज. पण कर्ता ‘यू’ असेल, आणि त्याला जे करायचंय त्याला होकार देणं तुमच्या हातात असेल, तर ‘मे नॉट’ ही मनाईच ऐकू येते, तीही अधिकाऱ्याने टेबलामागून सुनावलेली. तुम्हाला म्हणायला हवं होतं, ‘द रूम मे नॉट बी रेडी येट, सर.’ अंदाज खोलीबद्दलचा आहे, तर कर्ता खोलीलाच करा. पाहुण्याला वाक्याच्या कर्तेपणातून काढलंत की अर्धी भांडणं होतच नाहीत.

आता आपण असं का बोलतो ते बघू. मराठीत आपण ‘शकतो’वर फार भार टाकतो. ‘तो येऊ शकतो’ हे एकच वाक्य घ्या. त्याच्या अंगात ताकद आहे, त्याला मुभा आहे, किंवा तो येण्याचा संभव आहे, तिन्ही अर्थ त्यात बसतात आणि आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजी बोलताना मग प्रत्येक ‘शकतो’च्या जागी डोळे मिटून ‘कॅन’ ठेवतो. खरं तर मराठीकडे याहून बारीक हत्यारं आहेत. परवानगी मागताना आपण सहसा ‘शकतो’ म्हणत नाही. दारात उभं राहून ‘येऊ का?’ विचारतो. परवानगी देताना ‘या ना’, किंवा तिसऱ्याबद्दल ‘येऊ दे त्याला’. अंदाज करताना ‘येईल बहुतेक’, ‘आला असेल’. कसब सांगताना ‘मला पोहता येतं’. माझा आग्रह असा की इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातलं ‘शकतो’ काढून टाकावं आणि त्या जागी यातलं कुठलं रूप बसतं ते पाहावं. ‘येऊ का’ बसलं तर परवानगी, ‘असेल’ बसलं तर अंदाज, ‘येतं’ बसलं तर कसब. इंग्रजी शब्द त्यानंतर निवडायचा.

‘येतं’वरून आठवलं. ‘कॅन’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘जाणणे’ अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, म्हणजे मुळात ते आपल्या ‘पोहता येतं’च्या जवळचं. ‘मे’ मात्र मुळात ताकद दाखवायचा आणि पुढे परवानगी व शक्यतेकडे सरकला. आपल्याकडेही हे सरकणं दिसतं. ‘मला पोहता येतं’ हे कसब, पण ‘इथे पोहता येतं का?’ हा मुभेचा प्रश्न. कोकणीत आपण ‘अशें म्हणूं येता’ म्हणतो तेव्हा तेच ‘येता’ शक्यतेचं काम करतं. कसबाचा शब्द परवानगीच्या घरात शिरणं ही केवळ इंग्रजीची खोड नाही.

तुमच्या रोजच्या कामातलं उदाहरण घ्या. पाहुणे समुद्रावर निघालेत. ‘कॅन यू स्विम?’ म्हणजे पोहता येतं का. ‘कॅन वी स्विम हिअर?’ म्हणजे इथे पोहायला मुभा आहे का. लाल बावटा लागलेला असेल तर उत्तर ‘नो, यू कान्ट स्विम हिअर टुडे.’ समोरचा पट्टीचा पोहणारा असला तरी वाक्य बरोबर, कारण ‘हिअर’ आणि ‘टुडे’ने ते मुभेचं करून टाकलं. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं, तिथे ‘यू कॅन स्विम बिट्वीन द फ्लॅग्ज.’ बोलण्यात परवानगीसाठी ‘कॅन’ वापरणं अशुद्ध आहे हा समज सोडून द्या. आज सगळीकडे तेच चालतं. ‘मे’ औपचारिक आहे आणि मोठ्यांसमोर, मुलाखतीत, पत्रात शोभतो.

मागणं मऊ करायचं असेल तर ‘कुड’. ‘कुड आय सी युवर पासपोर्ट, प्लीज?’ हे तुमच्या टेबलावर रोज लागेल. पण इथे एक खड्डा आहे. पाहुण्याने ‘कुड आय लीव्ह माय बॅग हिअर?’ विचारलं तर ‘यस, यू कुड’ म्हणू नका. ‘कुड’ने परवानगी मागतात, देत नाहीत. द्यायची ती ‘यस, यू कॅन’ किंवा नुसतं ‘ऑफ कोर्स’. ‘यू कुड’ म्हटलंत की ‘ठेवता आली असती, पण…’ असं काहीतरी अर्धवट लोंबकळत राहतं.

पावसाचं प्रकरण वेगळं आहे, आणि गोव्यात त्याशिवाय भागत नाही. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात पाहुणे हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारणार. ‘जुलै कॅन बी व्हेरी वेट’ हे बरोबर. जुलैचा स्वभावच तो. पण आज संध्याकाळच्या पावसाबद्दल ‘इट कॅन रेन धिस इव्हिनिंग’ हे इंग्रजी कानाला खटकतं. एखाद्या ठरावीक वेळेचा अंदाज असला की ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘माइट’ची खात्री ‘मे’पेक्षा किंचित कमी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, बोलताना तो फरक इतका पुसट असतो की त्यावर वेळ घालवू नका. मात्र अंदाजाचा प्रश्न विचारताना ‘मे’ पुढे आणू नका. ‘मे इट रेन टुडे’ म्हणजे ‘आज पाऊस पडो’, चक्क प्रार्थना होते ती. ‘डू यू थिंक इट विल रेन?’ विचारा.

नकारात ‘मे नॉट’ आणि ‘कान्ट’ यांत मोठी दरी आहे. दिवाडी बेटावरून येणारा सहकारी वेळेवर पोचला नाही. ‘ही मे नॉट बी ऑन द फेरी’ म्हणजे फेरीबोटीत नसेलही. ‘ही कान्ट बी ऑन द फेरी’ म्हणजे असणं शक्यच नाही, आत्ताच त्याचा घरून फोन आला होता. दुसऱ्या वाक्यासाठी हातात पुरावा लागतो.

भूतकाळात मराठी तुम्हाला फारच मोठी मदत करते, आणि याकडे शिकवताना कुणी लक्ष देत नाही याचं मला वाईट वाटतं. ‘तो बुडाला असेल’ आणि ‘तो बुडाला असता’ यांतला फरक गोव्यातल्या पहिलीच्या मुलालाही कळतो. पहिल्यात काय झालं ते माहीत नाही, जीव टांगणीला आहे. दुसऱ्यात तो वाचला आहे. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ हे ‘असेल’, आणि ‘ही कुड हॅव ड्राउन्ड’ हे बहुतेक वेळा ‘असता’. ‘माइट हॅव’ दोन्हीकडे जातो, पुढचं-मागचं वाक्य त्याला सांभाळून घेतं. हल्ली इंग्रज लोकही ‘असता’च्या जागी ‘मे हॅव’ वापरताना दिसतात. तुम्ही वापरू नका. पाहुण्याच्या नातेवाइकाला फोनवर असं वाक्य सांगायची वेळ आली, तर ऐकणाऱ्याचा ठोका चुकेल.

बारीकसारीक दोन गोष्टी. ‘आय कॅन एबल टू’ कधीही नको. दोन्ही शब्द तेच सांगतात. आणि ‘कदाचित’ अर्थाचा ‘मेबी’ जोडून लिहायचा, ‘शी मे बी लेट’मधला तोडून.

लेखी नियमांत मात्र ‘मे’ला वजन आहे, तिथे तो अधिकार देतो. राज्यघटनेचं १४३वं कलम बघा. त्याच्या पहिल्या भागात राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मत कळवण्याबाबत ‘मे’ आहे, दुसऱ्या भागात ‘शॅल’. पहिल्यात न्यायालयाला मोकळीक, दुसऱ्यात बंधन. तुमच्या हॉटेलच्या अटींत ‘द मॅनेजमेंट मे रिफ्यूज…’ असं असेल तर तो ‘कदाचित’ नव्हे, तो हक्क आहे. पाहुण्याला तसंच समजावून सांगा.

राहिला तरणतलावावरचा फलक. मॅनेजरने लिहायला सांगितलेलं ‘गेस्ट्स कॅन नॉट स्विम आफ्टर ८ पीएम’ तसंच रंगवू नका. एक तर ‘कॅनॉट’ हा जोडशब्द आहे. शिवाय फलकाजवळ उभं राहून वाचणाऱ्याला क्षणभर वाटेल की रात्री पाहुण्यांचं पोहण्याचं कसबच जातं. ‘गेस्ट्स मे नॉट यूज द पूल आफ्टर ८ पीएम’ हे शुद्ध आहे. इथे मनाईच सांगायची असल्यामुळे ज्या ‘मे नॉट’ने तुम्हाला अडचणीत आणलं तोच इथे योग्य ठरतो. मला विचाराल तर ‘पूल क्लोजेस ॲट ८ पीएम’ लिहा. त्यात कुणाला अडवल्यासारखं वाटत नाही, आणि रंगाऱ्याला अक्षरंही कमी रंगवावी लागतील.