अमेरिकेत गाडीविना निभेल का?

प्रश्न : डोळ्यांच्या विकारामुळे माझ्या मुलाला वाहन चालवता येत नाही. नाशिकमध्ये सिटीलिंकची बस आणि रिक्षा यांवर त्याचे सारे व्यवस्थित चालते. आता त्याच्यापुढे शिकागो शहरातील आणि डॅलसच्या एका उपनगरातील अशा दोन नोकऱ्या आहेत; डॅलसचा पगार अधिक आहे. ‘तिकडे गाडीशिवाय पान हलत नाही,’ असे नातेवाईक सांगतात. हे कितपत खरे? आम्ही दोघे पुढे काही महिने राहायला गेलो, तर आमचे काय?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बहुतेक अमेरिकेबाबत ते खरे आहे. देशभरात गाडी नसलेली कुटुंबे जेमतेम 8 टक्के आहेत. न्यूयॉर्क शहरात मात्र ती निम्म्याहून अधिक आणि शिकागोत साधारण पाव आहेत. हा फरक लोकांच्या हौसेमुळे पडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वसली, 1956च्या कायद्याने महामार्गांना प्रचंड पैसा मिळाला, घरांच्या वस्तीत दुकानाला मनाई करणारे नियम सर्वत्र पसरले आणि प्रत्येक इमारतीला ठरावीक पार्किंग सक्तीचे झाले. परिणामी दूध आणायचे तरी दोन-तीन किलोमीटर जावे लागते, आणि वाटेत पदपथ असेलच असे नाही.

डॅलसमध्ये रेल्वे नाही असे मुळीच नाही. तेथील लाइट रेलचे (शहरातल्या हलक्या रेल्वेचे) जाळे दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण अनेक स्थानकांभोवती घरे आणि कचेऱ्यांऐवजी वाहनतळच पसरलेले आहेत, त्यामुळे रेल्वेतून उतरल्यावर पुढे जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे अशा वेळी कोपऱ्यावर रिक्षा मिळते. तिकडे ॲपवरून टॅक्सी मागवावी लागते आणि रोजच्या येण्या-जाण्याला ती परवडत नाही. शिकागोत शहरभर बसमार्ग आहेत, आणि ‘एल’ या उन्नत रेल्वेच्या रेड व ब्लू या मार्गिका रात्रभर चालतात. पगारातील फरक मोजताना डॅलसच्या रकमेतून हा टॅक्सीखर्च आणि सहकाऱ्यांवरचे अवलंबित्व वजा करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही केवळ शहराच्या नावावर जाऊ नये. घर ठरवण्यापूर्वी कचेरीच्या आणि घराच्या नेमक्या पत्त्याजवळून किती मिनिटांनी बस जाते, रात्री नऊनंतर आणि रविवारी ती किती विरळ होते, आणि किराणा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, एवढे नकाशावर तपासावे. स्थानकाजवळची घरे बहुधा महाग असतात, हे मात्र गृहीत धरावे. वाहन न चालवणाऱ्यांनाही राज्य सरकार ओळखपत्र देते. ते लगेच काढावे, कारण तिकडे ओळख पटवायला सर्वत्र वाहन परवानाच मागतात. अपंगत्वामुळे नेहमीची बस वापरता येत नसल्यास अपंगांच्या हक्कांच्या 1990च्या कायद्यानुसार आगाऊ नोंदणीची वेगळी वाहनसेवा मिळते, पण ती ठरलेल्या मार्गांच्या आसपासच.

पुढे परिस्थिती सुधारेल का? सुधारत आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. पार्किंगची सक्ती अमेरिकेतील बफेलो शहराने 2017मध्ये मोठ्या प्रमाणात, तर कॅनडातील एडमंटनने 2020मध्ये संपूर्ण शहरात उठवली. जानेवारी 2025पासून न्यूयॉर्कच्या मध्यभागात गाडी नेण्यास शुल्क लागते. ॲरिझोनातील टेंपी येथे तर रहिवाशांच्या गाड्यांना जागाच न ठेवलेली एक वसाहत उभी राहिली आहे. मात्र सत्तर वर्षांत पसरलेली उपनगरे दहा-वीस वर्षांत आवळून घेता येत नाहीत, तेव्हा सुधारणेच्या भरवशावर आजची नोकरी निवडू नये.

आपल्या दोघांविषयी चिंता नसावी. शिकागोत डेव्हॉन अव्हेन्यूवर भारतीय किराणा आणि भाजीची दुकाने ओळीने आहेत, आणि तेथे बस जाते. जाणे मे ते सप्टेंबर या काळात ठेवावे; हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ हटवणे ज्याच्या त्याच्या घरमालकाकडे असल्याने एका घरापुढे वाट मोकळी आणि शेजारी निसरडी, असा प्रकार असतो.